एक पेर, एकशे साठ काड्या

जानेवारीच्या कडाक्यात जपानच्या नारा प्रांतातल्या ताकायामा गावी भातखाचरे रिकामी राहत नाहीत. भात केव्हाच घरी गेलेले असते आणि त्याच्या जागी खाचरात बांबूचे शंकू उभे असतात. इंचभर जाडीचा, तीन वर्षांचा बांबू हिवाळ्यात तोडायचा, उकळत्या पाण्यातून काढून अंगावर सुटलेले तेल पुसायचे आणि थंड, कोरड्या वाऱ्यात उन्हाला लावायचा. हळूहळू हिरवा रंग उडतो आणि पिवळसर पांढरा येतो. त्यानंतरही कोणाला घाई नसते. हे बांबू आणखी दोन-तीन वर्षे कोठीत पडून राहतात. मग त्यांचे अर्ध्या वितीएवढे तुकडे होतात आणि एकेका तुकड्यातून चहा घुसळायची एकेक रवी तयार होते. तिला चासेन म्हणतात.

घुसळायचा तो चहा म्हणजे माचा. हा पानांचा अर्क नसून पानांचे पीठच असते. तोडणीआधी वीसेक दिवस झुडपे झाकून सावलीत ठेवतात, पाने वाफवून सुकवतात, देठ आणि शिरा काढतात आणि उरलेले दगडी जात्यावर दळतात. तासाभरात जेमतेम चाळीस ग्रॅम पीठ पडते. जाते जोरात फिरवले तर दगड तापतो आणि वास उडतो. हे पीठ पाण्यात विरघळत नाही, नुसते तरंगत राहते. आपण चहा गाळतो आणि चोथा टाकतो; माचात चोथाच प्यायचा असतो. म्हणून तिथे गाळण्याऐवजी गुठळ्या मोडून फेस आणणारे साधन लागते. दोन ग्रॅम पीठ, सत्तरेक मिलिलिटर गरम पाणी आणि पंधरा-वीस सेकंद मनगटाचा खेळ, एवढ्यात वाडगा तयार होतो. तारेचा घुसळाही फेस आणील, पण वाडग्याच्या चकाकत्या लेपावर ओरखडे उठवील. बांबूची काडी लवते, वाडग्याला इजा करत नाही आणि तिची स्वतःची चव चहात उतरत नाही.

ही चाल मुळात चीनची. सोंग घराण्याचा सम्राट हुइझोंग याने ११०७ च्या सुमारास चहावर एक ग्रंथ लिहिला, त्यात बांबूच्या घुसळणीचे वर्णन आहे. एइसाई नावाचा भिक्षू ११९१ मध्ये चीनहून जपानात परतला तो चहाचे बी घेऊन. पुढे चीननेच ही तऱ्हा सोडली. मिंग सम्राटाने १३९१ मध्ये चहाच्या वड्यांचा नजराणा बंद केला आणि तिथे सुट्या पानांचा चहा रूढ झाला. जपानने मात्र पीठ आणि घुसळणे दोन्ही जपले. पंधराव्या शतकात मुराता जुको या चहागुरूने ताकायामाच्या किल्लेदाराच्या धाकट्या मुलाला, सोझेईला, चहासाठी नवे साधन करायला सांगितले आणि त्यातून आजचा चासेन आला, असे गावची परंपरा सांगते. पाचशे वर्षे उलटली, गावाने काम सोडलेले नाही. आजही जपानात घडणाऱ्या चासेनांपैकी सुमारे नव्वद टक्के या एका गावचे असतात आणि ते करणारी घरे वीसच्या आसपास आहेत.

काम कसे चालते ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

तुकड्याच्या एका टोकाला गाठ ठेवतात. ती मुठीकडे येते. गाठीच्या वरच्या भागाची बाहेरची साल खरवडतात आणि तो भाग उभा चिरून सोळा फाका करतात. फाका खालून जोडलेल्याच राहतात. मग प्रत्येक फाक बाहेर वाकवून तिचा आतला मऊ गर काढून टाकायचा. बांबूचे बळ सालीलगतच्या दाट धाग्यांत असते, आतल्या भागात फुसकेपणा असतो. उरलेल्या पातळ पट्टीच्या दहा काड्या करायच्या, एक जाड, एक बारीक, पुन्हा एक जाड, एक बारीक. सोळा दाहे एकशे साठ. यातल्या ऐंशी बाहेर राहतात आणि ऐंशी आत वळतात. बाजारात हा 'ऐंशी काड्यांचा' चासेन म्हणून विकला जातो. शंभर आणि एकशेवीस काड्यांचेही असतात. दाट चहाला कमी आणि जाड काड्या लागतात, पातळ फेसाळ चहाला जास्त आणि नाजूक.

चिरून झाले की खरी परीक्षा येते. काड्यांची टोके गरम पाण्यात भिजवून सुरीने आतून तासत न्यायची, मुळाशी जाड आणि टोकाशी कागदाइतकी पातळ. या पायरीचे जपानी नाव 'अजिकेझुरी', म्हणजे चवीसाठी तासणे. चहाची चव इथे ठरते असे कारागीर मानतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. टोक जाड राहिले तर फेसाचे बुडबुडे मोठे येतात आणि घोट खरखरीत लागतो. पुढे बाहेरच्या प्रत्येक काडीच्या दोन्ही कडा हलकेच मारायच्या, म्हणजे चहा कडेला चिकटत नाही. शेवटी सुताचा धागा काड्यांमधून आत-बाहेर विणत नेला की बाहेरचे आणि आतले वर्तुळ कायमचे वेगळे होते. सगळे मांडीवर आणि हातात होते. यंत्राला इथे शिरकाव नाही. कधीकाळी ही विद्या घरातल्या एकाच मुलाला दिली जाई आणि काम रात्री चाले, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडू नये.

चासेनखेरीज बांबूची आणखी तीन साधने चहाच्या खोलीत असतात. हिशाकु म्हणजे गरम पाण्याची पळी. तिची वाटी म्हणजे बांबूचे पेर आणि पेराची गाठ हाच वाटीचा तळ. फुताओकि म्हणजे किटलीचे झाकण टेकवायचा बोटभर उंचीचा तुकडा. आणि चाशाकु म्हणजे पीठ काढायचा वीतभराहून थोडा लहान चमचा. बांबूची सपाट पट्टी ओलावून, शेकून तिचे टोक वळवले की तो झाला. या चमच्याची कथा मोठी आहे. चीनमधून आलेले सुरुवातीचे चमचे हस्तिदंती होते. बांबूचे करायला लागल्यावरही लोक गाठ टाळत, कारण गाठ म्हणजे खोट. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू या चहागुरूने गाठ नेमकी चमच्याच्या मध्यावर आणली आणि तिथून तीच चमच्याची शोभा ठरली. १५९१ मध्ये हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकमावरून रिक्यूला आत्महत्या करावी लागली. त्याआधी त्याने एक चमचा कोरून आपला शिष्य फुरुता ओरिबे याला दिला. 'नामिदा', म्हणजे अश्रू, या नावाने तो चमचा आज नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. ओरिबेने तो ठेवायच्या नळीला एक चौकोनी खिडकी पाडली आणि गुरूच्या स्मरणासाठी तो तिथून न्याहाळत असे.

याच रिक्यूने कात्सुरा नदीवरच्या कोळ्याची मासे ठेवायची टोपली मागून घेतली, तिच्यात फुले ठेवली आणि ती चहाच्या खोलीत टांगली. टोपली तीच, वीण तीच, फक्त जागा बदलली. ती आता कोबेच्या कोसेत्सु संग्रहालयात आहे. विणणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, हेही सांगायला हवे.

बांबूचाच धागा धरून आता जुन्नर तालुक्यातल्या आळ्याकडे यावे.

आळे हे ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याच्या समाधीचे गाव. गावाचा फाटा म्हणजे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्त्यांचा छेद. तिथून माळशेज घाट उतरला की कोकण. या फाट्यावर बांबू कमी पडलेला नाही, उलट भरपूर येतो. टोमॅटोच्या मांडवाला बांबू लागतो, कारण रोप सुतळीने तारेवर चढवायचे तर तार ताणायला खुंट हवा. कांद्याच्या चाळीला बांबू लागतो. तिच्या भिंती कामट्यांच्या असतात, म्हणजे वारा खेळतो आणि कांदा सडत नाही. आळेफाटा कांद्यासाठी आणि शेजारचे नारायणगाव टोमॅटोसाठी राज्यात नावाजलेले बाजार. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी, म्हणजे येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे, या पट्ट्यात पाणी फिरवले आणि शेताचे रूप पालटले. बांबूला मागणी वाढली, पण ती उभ्या, अखंड बांबूला. तो चिरणारा हात मात्र रोडावला. या प्रकरणाचा सगळा मुद्दा या एका फरकात आहे.

कारण चिरलेल्या बांबूवरच या मुलखाचे स्वयंपाकघर आणि खळे चालत असे. धान्याला कणगी, भाकरीला दुरडी, कोंबडीला डालगे, देवाच्या फुलांना परडी, शेतातल्या मालाला पाटी आणि हारा. खळ्यावर उंच वावडीवर उभे राहून पाटीतले धान्य वाऱ्यावर सोडायचे, म्हणजे भुसा उडे आणि दाणा पायाशी पडे. तिथून पुढचे काम सुपाचे.

सूप हे अवजार आहे हे आपण विसरलो, कारण ते दिसायला फार साधे. तीन बाजूंना कड, पुढची बाजू उघडी, मागे खोलगट, पुढे सपाट. पाखडणारी बाई धान्य हलकेच वर उडवते. हवेत असताना वजनदार दाणा मागे पडतो आणि हलका कोंडा पुढे सरकून उघड्या तोंडातून बाहेर जातो. घोळताना सूप आडवे गोल फिरवतात, तेव्हा जड खडे एका बाजूला गोळा होतात. आसडताना झटका असा द्यायचा की अख्खा दाणा मागे राहील आणि कणी पुढे येईल. पाखडणे, घोळणे आणि आसडणे ही तीन वेगळी कामे, हाताच्या तीन वेगळ्या चाली, आणि तिन्हींना पुरे पडते ते एकच साधन. वीण किंचित खडबडीत असल्यामुळे दाणा धरला जातो. प्लॅस्टिकचे सूप गुळगुळीत असते. त्यावर दाणा आणि खडा दोघेही सारख्याच वेगाने घसरतात. त्याला रेघा पाडून वीण असल्याचे भासवतात, पण रंगीत सुपावर बाजरी पाखडून पाहिलेली बाई त्याबद्दल बरे बोलणार नाही.

रोवळी त्याहून बारीक कामाची. भात धुवायची ही टोपली. दोन कामट्यांमधली फट तांदळाच्या दाण्याहून अरुंद हवी आणि पाणी तर धो धो निथळले पाहिजे. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या मागे आहुप्याकडे आणि जुन्नरच्या आपटाळे-इंगळूणकडे, भाताचा मुलूख आहे आणि तिथे मुख्यतः महादेव कोळ्यांची वस्ती. तिथला पाऊस पूर्वेच्या आळे-बेल्ह्याच्या लोकांना खोटा वाटावा असा. त्या पावसात वाकून लावणी करायची तर छत्री उपयोगाची नाही, दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून इरले. बांबूच्या विणीचे दोन थर, मध्ये पाने, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारे. आता पानांची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे आणि पुष्कळ ठिकाणी बांबूही गेला, नुसता कागदच पाठीवर बांधतात.

हे करणारे हात बुरुडाचे. पुण्यात बुरूड आळी आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये बांबूकाम करणारे केतय्या होते, त्यांना हा समाज आपला संत मानतो. महाराष्ट्रात बुरुडांची गणना अनुसूचित जातींत होते, म्हणजे ज्या घरातली परडी देवापुढे गेली त्या घराला देवळाची पायरी सरळपणे मिळाली नाही. ताकायामाच्या कारागिराला दरबारी मान मिळत होता तेव्हा आपल्याकडे हे चालले होते. कौशल्य तोलायचे झाले तर पारडे फारसे झुकणार नाही. बुरूड कळक फोडतो तेव्हा कोयत्याचा जोर पहिल्या घावापुरता. पुढे चीर आपसूक धाग्याच्या रेषेने पळते. ती एका अंगाला जाऊ लागली की जाड अंग जास्त वाकवायचे, चीर पुन्हा मध्यावर येते. ताकायामात काडी चिरतात ती याच नियमाने. सालीकडची पट्टी वेगळी आणि आतल्या गराची वेगळी, ही निवडही दोन्हीकडे आहे. पुष्कळ घरांत फोडणे पुरुषांकडे आणि विणणे बायकांकडे.

मग महाराष्ट्रात चासेन का झाला नाही? एक कारण वनस्पतीचे आहे. जपानचा हा बांबू, हाचिकु, जमिनीखाली लांब धावणाऱ्या खोडाने पसरतो. एकेक काठी सुटी, सरळ, पोकळ आणि पातळ भिंतीची. आपला मानवेल आणि काटेरी कळक बेटाने वाढतात, काठ्या एकमेकींत दाटलेल्या. मानवेल तर जवळजवळ भरीव असतो. तो लाठीला उत्तम. त्यातून केसासारख्या काड्या काढायच्या म्हणजे दगडातून सूत काढण्यासारखे. पण या कारणाला फार वजन देऊ नये. वेगळे बांबू कोकणात आहेतच. खरे कारण असे की अशा काडीची इथे कोणाला गरज नव्हती. ताक घुसळायला लाकडी रवी होती, चहा आला तो उकळायचा आणि गाळायचा.

धुरातल्या बांबूची गोष्ट मात्र दोन्ही मुलखांत अगदी सारखी आहे. जपानच्या जुन्या शेतघरात चुलीच्या वर, गवती छपराखाली, शंभर-दोनशे वर्षे धूर खाल्लेला बांबू तांबूस काळा पडतो. त्याला सुसुदाके म्हणतात. घरे पाडली जातात तेव्हा हा बांबू जपून काढतात आणि चासेनासाठी त्याला मोठा भाव येतो. रिक्यूच्या वंशजांची तीन घराणी आहेत. ओमोतेसेन्के घराण्यात हा धुरकट बांबू चालतो, उरासेन्केत पांढरा आणि मुशाकोजिसेन्केत काळा. भीमाशंकरच्या रानाजवळच्या घरांतही माळ्याच्या कामट्या चुलीच्या धुराने अशाच काळ्याभोर होत. भुंगा त्यांच्या वाटेला जात नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते, कारण नवा बांबू त्यांनी मुद्दाम चुलीवर टांगलेला असतो. गॅस आला, पत्रा आला आणि जुने वासे सरपणात गेले. एकाच वस्तूला एका मुलखात मोल आहे आणि दुसऱ्यात ती जळण आहे.

आळ्याचे सूप मागे पडले ते केवळ प्लॅस्टिकमुळे, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती अर्धीच खरी. मळणी यंत्राला पंखा असतो. दाणा खळ्यावरच वारवलेला बाहेर पडतो. तांदूळ दुकानातून निवडलेला येतो. बागायत वाढली, बाजरी-हुलग्याचे रान उसाने आणि कांद्याने घेतले. पाखडण्याचे काम संपले आणि मग सूप संपले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वीस किलोच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये विकला जातो आणि भावही क्रेटचा सांगतात. क्रेट एकावर एक रचता येतो, मोजायला सोपा, धुऊन पुन्हा वापरता येतो. त्या स्पर्धेत बांबूची करंडी हरली ते योग्यच झाले, असे शेतकरी म्हणेल आणि त्याच्याशी वाद घालणे कठीण आहे. या मुलखाने असे आधीही पाहिले आहे. पेशवाईत जुन्नरी कागदाला मान होता. गिरणीचा कागद आला आणि हातकागद गेला.

चासेनाचे नशीब वेगळे निघाले त्यामागे दोन साधी कारणे दिसतात. चासेन झिजतो. रोज वापरला तर काही महिन्यांत काड्या मोडू लागतात आणि मोडका चासेन पाहुण्यापुढे आणणे अशिष्ट. जुने चासेन देवळात नेऊन विधिपूर्वक जाळण्याचीही रीत आहे. म्हणजे गिऱ्हाईक परत येतेच. आणि त्याला पर्याय चालत नाही, कारण चहाच्या विधीत साधन बदलणे म्हणजे विधी मोडणे. सुपाचे उलट. चांगले सूप सारवत राहिले तर वर्षानुवर्षे टिकते. बुरुडाने जितके चांगले काम करावे तितके पुढचे गिऱ्हाईक लांबणीवर. चासेनाच्या बाजूने पुढे १९७४ चा जपानी कायदाही आला. निदान शंभर वर्षांची पद्धत, मुख्यतः हातकाम, रोजच्या वापराची वस्तू आणि एका प्रदेशात पुरेसे कारागीर, अशा कसोट्या लावून सरकार पारंपरिक कारागिरीची नोंद करू लागले. ताकायामाच्या चासेनाला १९७५ मध्ये ती मान्यता मिळाली.

आपल्याकडे कायद्याची चाल निराळी होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबू झाडात मोजला. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते गवत, पण आपल्याच बांधावरचे गवत तोडून नेतानाही परवान्याचा प्रश्न उभा राही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ग्रामसभेने आपल्या रानातला बांबू आपण विकू, हा हक्क मिळवला तो २०११ मध्ये. वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला २०१७ साली. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले, कोकणात कुडाळला कॉनबॅकने बांबूच्या घरांचे आणि फर्निचरचे काम वाढवले. दोन्ही कामे मोठी आहेत. पण त्यांतून जुन्नरच्या रोवळीला गिऱ्हाईक मिळत नाही. घर बांधणारा बांबू आणि भात धुणारा बांबू यांचे बाजार वेगळे.

सुपाला आजही हक्काचे गिऱ्हाईक आहे ते जपानसारखेच विधीतले. लग्नात ऐरणीदानाला वेळूची दुरडी लागते, तिच्यात दिवे लावून ती वरपक्षाच्या डोक्यावर ठेवतात. पाचवीला बाळ सुपात निजवतात. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री अलक्ष्मीला घालवायला सूप बडवायचे असते, आणि तिथे प्लॅस्टिक चालत नाही. म्हणून सणाच्या आधी आठवडाभर बाजारात सुपांच्या उतरंडी दिसतात आणि नंतर दिसेनाशा होतात. अडचण अशी की विधीचे गिऱ्हाईक वीण पाहत नाही. त्याला एका दिवसाचे सूप हवे असते, ते गराच्या पट्टीचे असले तरी चालते. चहाच्या खोलीतला पाहुणा मात्र चासेन उचलून पाहतो.

ताकायामाचेही सगळे आलबेल नाही. चीनमध्ये केलेले स्वस्त चासेन जगभर विकले जातात आणि माचाची लाट आल्यावर बहुतेक हॉटेलांनी तेच घेतले. २०२४ मध्ये पिठाचाच तुटवडा झाला, क्योटोच्या जुन्या पेढ्यांनी गिऱ्हाइकामागे डब्यांची संख्या ठरवून दिली. त्याहून खोल काळजी बांबूची आहे. हाचिकुला साधारण १२० वर्षांनी फुलोरा येतो, मागचा १९०८ च्या सुमाराचा. नवा फुलोरा सुरू झाला आहे. हिरोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी फुललेल्या एका बनाचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे रुजणारे बी मिळाले नाही आणि पुढच्या काही वर्षांत नवे कोंबही आले नाहीत. सुकवलेला बांबू कोठीत ठेवायची सवय आता ताकायामाला फार उपयोगी पडेल.

भारतातही माचा आता शहरांतल्या दुकानांत मिळतो आणि सोबत चासेनही येतो. तो घेणाऱ्याने काही गोष्टी पाहाव्यात. काड्या एका गाठीवरून निघालेल्या असाव्यात, वरून चिकटवलेल्या नसाव्यात. आतल्या काड्या मधोमध जुळून याव्यात. वापरण्याआधी टोके मिनिटभर गरम पाण्यात धरावीत, कोरडी काडी मोडते. धुताना साबण लावू नये, कारण बांबू वास धरून ठेवतो. नुसत्या पाण्याने धुऊन उघड्यावर वाळवावा. ओलाच डब्यात गेला तर बुरशी येते.

सुपासाठी दिवसाउजेडी बाजारात जावे. सूप उजेडासमोर धरून फटी सारख्या आहेत का पाहावे. आतून मागून पुढे हात फिरवावा. त्या दिशेला कुसळ लागता कामा नये, कारण कोंडा त्याच वाटेने जायचा असतो. पट्टीची एक बाजू चकचकीत असेल तर ती सालीकडची, ती टिकते. दोन्ही बाजू मळकट असतील तर गराची. काठ वेताने किंवा बांबूच्या पट्टीनेच बांधलेला हवा, प्लॅस्टिकच्या दोरीने नव्हे. शेवटी सूप कागदावर उलटे आपटावे. पिवळी पूड पडली तर आत भुंगा आहे, ते परत ठेवावे. चांगले निघाले तर घरी आणून भिजवलेली मेथी आणि कागदाचा लगदा एकत्र वाटून बाहेरून सारवावे आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवून मगच धान्य घालावे.